स्वयंपाकघर, न्यायसभा आणि हस्तलिखित : निवासी शाळांतील विद्यार्थिनेतृत्वाची भारतीय रूपे

दिवसाच्या शाळेतील वर्गनायकाचे राज्य अल्पकालीन असते. गुरुजी वर्गात येईपर्यंत गलका होऊ न देणे, फळा पुसणे, वह्या गोळा करून शिक्षकांच्या खोलीत नेऊन ठेवणे, एवढ्यात त्याचे अधिकार आणि त्याची कर्तव्ये आटोपतात. शेवटची घंटा झाली की तोही इतरांसारखाच घरी जाणारा मुलगा असतो. निवासी शाळेत मात्र ही घंटा कधीच होत नाही. पहाटे कोणी कोणाला उठवावयाचे, पंक्तीत कोण कोणाशेजारी बसणार, तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी रात्री कोण जागणार, चोरी झाली तर न्याय कोण करणार, हे प्रश्न तेथे रोजचे असतात. या प्रश्नांची उत्तरे शिक्षकांनी द्यावयाची की विद्यार्थ्यांनी, यावर त्या संस्थेचे खरे स्वरूप ठरते. म्हणून विद्यार्थिनेतृत्वाचा विचार हा केवळ शिक्षणशास्त्राच्या एका कोपऱ्यातील विषय नव्हे. अधिकार म्हणजे काय, श्रम कोणाचे आणि बोलण्याचा हक्क कोणाला, या मूलभूत प्रश्नांशी तो निगडित आहे. भारतीय भाषांतील वाङ्मयावरही त्याचे ठसे उमटले आहेत.

या विचाराची सुरुवात 'मॉनिटर' या शब्दापासून करणे सोयीचे आहे. मराठी शाळांत रुळलेला हा शब्द इंग्रजी असला, तरी त्याच्यामागची पद्धती पूर्णपणे विलायती नाही. अँड्र्यू बेल हे १७८९ मध्ये मद्रासमधील एग्मोर येथील सैनिकांच्या अनाथ मुलांच्या निवासी आश्रमाचे अधीक्षक झाले. तेथील एका देशी शाळेत मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवीत असल्याचे त्यांनी पाहिले. ती पद्धत आपल्या संस्थेत आणण्यास तेथील शिक्षक राजी होईनात, तेव्हा त्यांनी फ्रिस्किन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाकडे धाकट्यांना मुळाक्षरे शिकविण्याचे काम सोपविले. प्रयोग यशस्वी झाला. इंग्लंडला परतल्यावर बेल यांनी १७९७ मध्ये त्याचे वृत्त प्रसिद्ध केले, आणि पुढे मॉनिटर पद्धती या नावाने ती जगभर पसरली. महाराष्ट्रातील पंतोजींच्या शाळेतही धूळपाटीवर हात फिरवीत मोठ्या मुलाने लहानाला शिकविणे ही नित्याची गोष्ट होती. तात्पर्य, शिकणाऱ्याने शिकवावे ही कल्पना या भूमीला परकी नव्हती. बेल यांनी तिला जी जोड दिली, ती शिस्तबद्ध श्रेणीची. त्यांच्या रचनेत वरून आलेली आज्ञा पायरीपायरीने खाली उतरते आणि मॉनिटर ही त्या उतरंडीतील एक पायरी असते.

दुसरी परंपरा इंग्लंडमधील सधन वर्गांच्या निवासी शाळांची. टॉमस आर्नल्ड हे १८२८ ते १८४२ या काळात रग्बी शाळेचे मुख्याध्यापक होते. वरच्या वर्गातील मुलांना त्यांनी शाळेच्या शासनातच वाटेकरी केले. धाकट्यांवर देखरेख करणे, त्यांना शिक्षा करणे, त्यांच्याकडून काही वैयक्तिक कामे करून घेणे, हे सारे त्या मुलांच्या अधिकारात मोडत असे. टॉमस ह्यूज यांच्या 'टॉम ब्राऊन्स स्कूल डेज' या १८५७ च्या कादंबरीने या जीवनाचे चित्र इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचविले. राजकोटचे राजकुमार कॉलेज, अजमेरचे मेयो कॉलेज ही संस्थानिकांच्या मुलांसाठी निघालेली विद्यालये आणि १९३५ मध्ये डेहराडून येथे सुरू झालेले डून स्कूल यांच्यावर या परंपरेची छाया स्पष्ट आहे. येथील प्रीफेक्ट हा उद्याचा राज्यकर्ता म्हणून घडविला जातो. आज्ञा पाळण्यास शिकलेलाच आज्ञा देण्यास पात्र ठरतो, हे या पद्धतीचे गृहीतकृत्य. त्यात धैर्य, वचनाला जागणे, हरल्यावर न चिडणे अशा गुणांची जोपासना होते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण या व्यवस्थेत एक गोष्ट सहसा विचारात घेतली जात नसे. प्रीफेक्ट ज्या ताटात जेवत असे, ते ताट कोण घासत होते? स्वयंपाकघर हे नोकरांचे क्षेत्र होते आणि नेतृत्वाची सीमा त्याच्या उंबरठ्याशी संपत होती.

या पार्श्वभूमीवर रवींद्रनाथ ठाकुरांनी शांतिनिकेतनात १९०१ च्या डिसेंबरात सुरू केलेल्या ब्रह्मचर्याश्रमाकडे पाहिले पाहिजे. मोजक्या मुलांनिशी सुरू झालेल्या या शाळेचा आदर्श प्राचीन तपोवनाचा होता. परंतु शासनपद्धतीच्या बाबतीत ती तपोवनापासून हळूहळू दूर सरकली, असे म्हणता येईल. शारीरिक शिक्षेला तेथे स्थान नव्हते. मग अपराधाचे काय करावयाचे, हा प्रश्न उभा राहणे अपरिहार्य होते. त्याचे उत्तर म्हणून मुलांची स्वतःची न्यायसभा अस्तित्वात आली. मुले आपले नायक निवडीत, आणि आपसांतील तक्रारींचा निवाडा मुलांच्याच सभेत होई. आश्रमात अध्यापन करणारे डब्ल्यू. डब्ल्यू. पिअरसन यांनी बोलपूरच्या या शाळेवर लिहिलेल्या पुस्तकात या स्वशासनाचे वर्णन आढळते. आश्रम-सम्मिलनी या विद्यार्थिसंघटनेच्या रूपाने ही परंपरा पुढे पाठभवनात चालत आली. साहित्य, क्रीडा, सेवा असे विभाग आणि त्यांची जबाबदारी वाहणारे विद्यार्थी, अशी तिची रचना आहे.

रग्बीचा प्रीफेक्ट आणि शांतिनिकेतनचा नायक यांतील भेद येथे नीट ध्यानात घ्यावा लागतो. प्रीफेक्टचा अधिकार मुख्याध्यापकांकडून येतो, नायकाचा अधिकार बरोबरीच्या मुलांकडून येतो. पहिल्याच्या हाती शिक्षा असते. दुसऱ्याला आधी सर्वांसमक्ष कारण सांगावे लागते. कारण सांगावयाचे म्हणजे भाषा लागते, आणि ही भाषा शांतिनिकेतनात मातृभाषा होती. न्यायसभेतला युक्तिवाद आणि साहित्यसभेतले वाचन ही एकाच शिक्षणाची दोन अंगे होती. साहित्यसभेत मुले आपल्या रचना वाचीत, आणि आवडलेल्या रचनेला टाळ्यांऐवजी 'साधु, साधु' अशी दाद मिळे. सभा ठरविणे, कार्यक्रम आखणे, इतिवृत्त लिहिणे ही कामे मुलांचीच. दहाबारा वर्षांच्या मुलाने समवयस्कांपुढे उभे राहून स्वतःचे लिखाण वाचावे आणि त्यावरची टीका ऐकून घ्यावी, याला वाङ्मयीन महत्त्व तर आहेच, पण ते नेतृत्वाचेही शिक्षण आहे. याच आश्रमात विद्यार्थी म्हणून वाढलेल्या प्रमथनाथ बिशी यांनी पुढे बंगाली साहित्यात नाव मिळविले आणि आश्रमाच्या आठवणीही लिहिल्या, ही गोष्ट या संदर्भात लक्षणीय आहे.

तथापि शांतिनिकेतनच्या या चित्रात एक दुखरी जागा होती. आरंभीच्या वर्षांत ब्राह्मणेतर शिक्षकांच्या पायांना ब्राह्मण विद्यार्थ्यांनी स्पर्श करावा की नाही, यावर वाद उद्भवला होता. पंक्तिभेदाचा प्रश्नही एकदम सुटला नाही. म्हणजे न्यायसभेत समान असणारी मुले पानावर बसताना समान असतीलच असे नव्हते. विद्यार्थिनेतृत्वाची खरी कसोटी अशा रीतीने न्यायसभेकडून स्वयंपाकघराकडे सरकते.

ही कसोटी १९१५ मध्ये प्रत्यक्ष लागली. दक्षिण आफ्रिकेतील फिनिक्स वसाहतीतील मुले मगनलाल गांधींच्या देखरेखीखाली शांतिनिकेतनात येऊन राहिली होती. आपली सर्व कामे आपण करण्याची त्यांना सवय होती. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत महात्मा गांधी तेथे आले. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या निधनाची वार्ता तेथेच त्यांना कळली आणि त्यांना पुण्यास जावे लागले. मार्चमध्ये परतल्यावर त्यांनी विद्यार्थी व शिक्षक यांच्यापुढे असा विचार मांडला की, पगारी आचाऱ्यांना रजा देऊन सर्वांनी मिळून स्वयंपाक करावा. रवींद्रनाथांनी शिक्षकांची संमती असल्यास आपली हरकत नाही असे सांगितले, आणि या प्रयोगात स्वराज्याची किल्ली आहे असे मुलांना बजावले. १० मार्च रोजी प्रयोग सुरू झाला. कोणी भाजी चिरू लागले, कोणी धान्य निवडू लागले, कोणी स्वयंपाकघराच्या आसपासची घाण काढू लागले. मोठी भांडी घासण्याचे काम पिअरसन यांनी उत्साहाने अंगावर घेतले. भांडी घासणाऱ्यांचा शीण हलका व्हावा म्हणून काही मुले त्यांच्यासमोर सतार वाजवीत, असे गांधीजींनी आत्मकथेत नमूद केले आहे. सतारीच्या सुरांत घासली जाणारी भांडी ही प्रतिमा या दोन महापुरुषांच्या दृष्टींचा संगमच दाखविते.

हा प्रयोग फार काळ टिकला नाही. त्याचा दिवस मात्र टिकला. १० मार्च हा दिवस शांतिनिकेतनात 'गांधी पुण्याह' म्हणून पाळला जातो आणि त्या दिवशी नेहमीच्या सेवकांना विश्रांती देऊन विद्यार्थी व अध्यापक स्वच्छतेची व स्वयंपाकाची कामे करतात. परंतु एखादी गोष्ट वर्षातून एकदा पाळली जाऊ लागली, की ती व्रत होते आणि दिनक्रमातून सुटते, हेही येथे विसरता येत नाही. या घटनेचे एक मराठी साक्षीदार होते काका कालेलकर. साताऱ्यात जन्मलेले आणि पुढे गुजराती गद्याचे मान्यवर शिल्पकार ठरलेले कालेलकर त्या वेळी शांतिनिकेतनात होते. तेथेच त्यांचा व गांधीजींचा परिचय झाला आणि पुढे साबरमती आश्रमाच्या शाळेत ते शिक्षक झाले. एका भाषेच्या प्रदेशातील शैक्षणिक प्रयोग दुसऱ्या भाषेच्या प्रदेशात कसे पोहोचतात, याचे हे बोलके उदाहरण होय.

महाराष्ट्रात स्वयंपाकघर हे व्रत न राहता दिनक्रम झाले, याची दोन कारणे संभवतात. एक गरिबी आणि दुसरे जात. गरिबीमुळे आचारी ठेवणे परवडत नव्हते, आणि जातीमुळे एकत्र शिजवलेले अन्न ही सामाजिक क्रांती ठरत होती. या दोन्हींचा मेळ भाऊराव पाटलांच्या कार्यात दिसतो. १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. धनिणीच्या बागेतील या बोर्डिंगात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र शिजवीत आणि एका पंक्तीस जेवीत. लाकूडफाटा आणणे, पाणी भरणे, शेतात राबणे ही कामे मुलांची होती. धान्य संपले की चिंताही मुलांची होती. अशाच एका अडचणीच्या प्रसंगी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या जेवणासाठी आपले दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मोडले, ही हकीकत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे.

साताऱ्यातील या व्यवस्थेत 'नेता' हा शब्द फारसा महत्त्वाचा नव्हता. कोठीच्या किल्ल्या ज्याच्याकडे, तो आपोआपच पुढारी ठरे. पण त्याचे पुढारीपण पिठाच्या मापाशी आणि जमाखर्चाच्या वहीशी बांधलेले होते. ज्या मुलाच्या सावलीचाही गावात विटाळ मानला जाई, त्याने थापलेली भाकरी इतरांनी खाणे, एवढेच नव्हे तर कोणाला किती भाकरी मिळावयाच्या हे त्याने ठरविणे, यात अधिकाराची जी उलथापालथ आहे, ती कोणत्याही प्रीफेक्टच्या बिल्ल्यात नाही. रयत शिक्षण संस्थेने स्वावलंबी शिक्षण हे आपले ब्रीद मानले, आणि १९४७ मध्ये सुरू झालेल्या साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजातून 'कमवा आणि शिका' ही योजना महाविद्यालयीन शिक्षणातही आणली. याच बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील पुढे बॅरिस्टर व शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि महात्मा फुले यांचे लेखन इंग्रजीत नेणाऱ्यांत त्यांची गणना झाली.

मुलींच्या बाबतीत स्वयंपाकघराचा अर्थ मुळातच निराळा होता. मुलांना चूल फुंकावयास लावणे ही क्रांती असेल, पण विधवा मुलीला चुलीपाशी बसविणे ही तर रूढीच होती. म्हणून धोंडो केशव कर्वे यांच्या अनाथ बालिकाश्रमाकडे वेगळ्या दृष्टीने पाहावे लागते. १८९६ मध्ये निघालेला आणि पुढे हिंगण्याच्या माळावर स्थिरावलेला हा आश्रम विधवांना पुन्हा उभे करण्यासाठी होता. येथेही घरकाम आश्रमवासी स्त्रियाच करीत. मात्र घरच्या चुलीपाशी ज्या केवळ राबत होत्या, त्यांना येथे हिशेब, व्यवस्था आणि निर्णय यांत वाटा मिळाला. पार्वतीबाई आठवले यांचे चरित्र हे याचे उत्तम प्रमाण आहे. लहान वयात वैधव्य आलेल्या पार्वतीबाई वयाने प्रौढ झाल्यावर शिकू लागल्या. पुढे त्याच आश्रमात त्यांनी शिक्षिकेचे व व्यवस्थेचे काम सांभाळले, निधी गोळा करण्यासाठी गावोगाव हिंडल्या आणि १९१८ मध्ये अमेरिकेपर्यंत गेल्या. १९२८ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची 'माझी कहाणी' ही आत्मकथा मराठी स्त्रीच्या आत्मचरित्रपर लेखनातील महत्त्वाची कृती आहे. आश्रमात ज्या स्त्रीला सभेपुढे उभे राहून संस्थेचे काम समजावून सांगावे लागले, तिलाच पुढे स्वतःचे आयुष्य सांगण्याची भाषा गवसली. नेतृत्व आणि आत्मकथन यांतील हा संबंध आकस्मिक मानता येत नाही.

नेतृत्वाचे तिसरे क्षेत्र म्हणजे हस्तलिखित. भारतातील बहुतेक सर्व भाषांत विद्यार्थ्यांच्या हस्तलिखित नियतकालिकांची परंपरा आहे. शांतिनिकेतनातील मुले अशी नियतकालिके चालवीत. डून स्कूलमध्ये त्याचे इंग्रजी आणि छापील रूप दिसते. 'द डून स्कूल वीकली' हे साप्ताहिक विद्यार्थी संपादित करतात, आणि विक्रम सेठ हे विद्यार्थिदशेत त्याचे संपादक होते. खानदेशातील अमळनेर येथे मात्र हस्तलिखिताने एक वेगळेच वळण घेतले. पांडुरंग सदाशिव साने हे १९२४ मध्ये तेथील प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढे छात्रालयाचे प्रमुख झाले. मुलांच्या अव्यवस्थित खोल्या ते न बोलता स्वतः झाडून काढीत, अंथरुणे घड्या करून ठेवीत, कपडे धूत. रागावण्याऐवजी स्वतः काम करून लाजविण्याची ही रीत होती. त्याचबरोबर 'छात्रालय दैनिक' हे हस्तलिखित ते स्वतःच्या हाताने लिहून काढीत. छात्रालयातील घडामोडी, मुलांचे गुण, कोणाचे नाव न घेता दाखविलेले दोष, थोरांच्या कथा असा त्यातील मजकूर असे. १९२८ मध्ये 'विद्यार्थी' हे मासिक निघाले. १९३० मध्ये साने गुरुजी नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले आणि मासिकाचा तो अध्याय सरला.

'छात्रालय दैनिक' हे विद्यार्थ्यांनी चालविलेले पत्र नव्हते, हा आक्षेप रास्त आहे. परंतु त्यातून मुलांपुढे नेतृत्वाचा जो आदर्श उभा राहिला, तो आज्ञेचा किंवा निवाड्याचा नव्हता, आत्मपरीक्षणाचा होता. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई' या पुस्तकाची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. आश्रमातील मित्रमंडळी रात्री जमतात आणि श्याम त्यांना आपल्या आईच्या आठवणी सांगतो. प्रकरणांना 'रात्र' असे नाव आहे आणि अशा बेचाळीस रात्री आहेत. श्याम हा त्या मंडळींतील पुढारी खरा, पण त्याचे पुढारीपण तो स्वतःचे अपराध सांगतो यातून येते. निवासी संस्थेतील रात्रीचा हा कथनप्रसंग मराठी गद्याला एक नवा आकृतिबंध देऊन गेला. गुरुजींच्या 'धडपडणारी मुले' या कादंबरीत तर छात्रालयातील विद्यार्थी आणि त्यांचे स्वामी हाच मध्यवर्ती विषय आहे. रवींद्रनाथांच्या विश्वभारतीपासून प्रेरणा घेऊन गुरुजींनी आयुष्याच्या अखेरच्या पर्वात आंतरभारतीची कल्पना मांडली. भारतातील भाषाभगिनींनी एकमेकींचे वाङ्मय शिकावे ही तिची दिशा होती. बोलपूर आणि अमळनेर यांना जोडणारा हा धागा भारतीय साहित्याच्या अभ्यासकांना विशेष महत्त्वाचा वाटेल.

या तिन्ही रूपांना त्यांची त्यांची दुखणी आहेत. न्यायसभा वक्तृत्ववान मुलाच्या हातातील खेळणे होऊ शकते. जो उत्तम बोलतो तो सुटतो आणि जो अडखळतो तो दोषी ठरतो. स्वयंपाकघरातील स्वावलंबनाचे रूपांतर फुकटच्या मजुरीत होण्याचा धोका असतो. अभ्यासाच्या वेळात मुलांकडून काम करून घेणारी संस्था 'स्वावलंबन' हा शब्द ढालीसारखा वापरू शकते. हस्तलिखितातील आत्मपरीक्षण अतिरेकाला गेले तर कोवळ्या मनावर अपराधाचे ओझे लादते. प्रीफेक्ट पद्धतीतील धाकट्यांचा छळ हा तर सर्वज्ञात दोष आहे. दलित आत्मकथनांनी वसतिगृहाचे जे चित्र रेखाटले आहे, तेही या संदर्भात वाचले पाहिजे. दया पवार यांच्या 'बलुतं' या १९७८ च्या आत्मकथनातील बोर्डिंगचे दिवस ही एकाच वेळी सुटकेची आणि अपमानाची कथा आहे. संस्थेच्या अहवालातील समता आणि मुलाच्या स्मरणातील समता यांत अंतर असते, आणि ते अंतर मोजण्याचे साधन वाङ्मयाजवळ आहे.

१९८६ पासून सुरू झालेल्या नवोदय विद्यालयांत अरवली, नीलगिरी, शिवालिक आणि उदयगिरी अशी सदने असतात आणि त्यांचे विद्यार्थी-प्रमुख असतात. सदन हा शब्द भारतीय असला, तरी रचना मूळ इंग्लिश शाळेतील 'हाऊस'ची आहे. अनेक शाळांत मुलांचे मंत्रिमंडळ निवडण्याची प्रथा आहे, आणि त्यात आरोग्यमंत्री, क्रीडामंत्री अशी पदे असतात. पदे निर्माण करणे सोपे असते. त्या पदाबरोबर कोणता खरा निर्णय मुलाच्या हाती येतो, हा प्रश्न अवघड आहे. आरोग्यमंत्र्याला आजारी मुलासाठी रात्री दार उघडवून घेण्याचा अधिकार नसेल, तर तो मंत्री नाटकातला ठरतो. भोजनमंत्र्याला कोठीतील धान्याचा हिशेब पाहता येत नसेल, तर त्याची निवडणूक म्हणजे केवळ हात वर करण्याची कवाईत होय.

एग्मोर ते अमळनेर या प्रवासातून एवढे निष्पन्न होते की, विद्यार्थिनेतृत्वाचे भारतीय रूप एकच नाही. आज्ञा, निवाडा, श्रम आणि कथन या चार तत्त्वांच्या कमीअधिक मिश्रणातून ते घडले आहे. आज्ञेचे तत्त्व सर्वांत सुलभ असल्याने सर्वांत अधिक पसरले. उरलेली तीन तत्त्वे कष्टसाध्य असल्याने व्यक्तींच्या बळावर उभी राहिली आणि पुष्कळदा त्या व्यक्तींबरोबर क्षीणही झाली. परंतु भारतीय भाषांच्या वाङ्मयाला जे मिळाले, ते प्रामुख्याने या तिन्हींतूनच मिळाले. म्हणून साहित्याच्या इतिहासकाराने मुद्रित ग्रंथांबरोबरच वसतिगृहांची हस्तलिखिते, विद्यार्थिसभांची इतिवृत्ते आणि कोठीचे जमाखर्चही अभ्याससामग्री म्हणून जपले पाहिजेत. एखाद्या पिढीने समतेविषयी काय लिहिले हे ग्रंथांतून कळते. ती पिढी कोणाच्या शेजारी बसून जेवली आणि त्या दिवशी भाकऱ्या कोणी थापल्या, हे कळण्यासाठी मात्र कोठीच्या वह्याच उघडाव्या लागतात.